रिकामी थाळी खोटं बोलली

मी मिलुतिनची जेवणाची थाळी बोलतेय. चिनी मातीची, खोलगट, काठाचा टवका उडालेली. माझ्या जोडीच्या अकरा जणी कधीच फुटून गेल्या. मिलुतिनला दुसऱ्या कशात जेवण गोड लागत नाही, म्हणून मला सगळे जपतात.

सर्बियातल्या आमच्या गावाची रीत सोपी. थाळी रिकामी दिसली की माणूस अजून उपाशी, आणि थाळीत उरलं की सुगरणीचा अपमान. मिलुतिनची बायको रुझा तर याबाबतीत भलतीच हळवी.

गेल्या शरदात मिलुतिनचं चार घासांतच पोट भरायला लागलं. बायकोला वाईट वाटू नये म्हणून हा शहाणा टेबलाखालून झुचा कुत्र्याला भरवायचा. मी रिकामी दिसले की रुझा खूश होऊन परत वाढायची. मला सगळं कळत होतं, पण थाळीला विचारतो कोण? झुचा पिंपासारखा फुगला आणि मिलुतिनच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पडली. मला त्याची फार काळजी वाटायची.

हिवाळ्यात घराण्याच्या संताचा सण आला. पाहुण्यांची गर्दी, म्हणून कुत्रा बाहेर बांधलेला. रुझाने माझ्यात सहा सार्मा रचल्या, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा. मिलुतिनने कशीबशी एक संपवली.

"काय रे, माझ्या हातची चव बिघडली का?" रुझाने विचारलं.

"नाही गं, झकास झाल्यात."

"मग खा की. का शेजारच्या मिल्काच्या हातचं आवडायला लागलं?"

सगळे हसले. मिलुतिन हसला नाही. "रुझा, दोन महिने मी नीट जेवतच नाहीये. चार घास खाल्ले की पोटात दगड ठेवल्यासारखं होतं. बाकीचं झुचा खातो."

रुझाने त्याच्या पट्ट्याची नवी भोकं मोजली. मिलुतिनची बहीण स्ताना दवाखान्यात नर्स. तिने हातातला काटा ठेवला. "आणि पट्टा आवळत गप्प बसलास? गाढवा, उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

तपासणीत जठरात जखम निघाली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. आता औषधं चालू आहेत आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाणं.

हल्ली माझ्यात दोनच चमचे पडतात, आणि त्यातलंही उरतं. चाळीस वर्षं आग्रह केलेल्या बाईला ते बघवत नाही. वाढणाऱ्यांनो, थाळीकडे थोडं कमी आणि माणसाकडे थोडं जास्त बघा, एवढंच माझं मागणं.

काल मिलुतिन शेवटचा घास बळेच तोंडात कोंबायला निघाला. रुझाने त्याचा हात धरला.

"राहू दे उरलेलं," ती म्हणाली. "उद्याही इथे तूच जेवायला बसलेला हवास मला."