गीझरमधल्या दोन रिंगा

"बाबा, तुम्हाला हे खरंच येतं का?"

विचारलं एकदाचं! हा प्रश्न विचारायची तिची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पण ती नुकतीच अख्ख्या शाळेसमोर माइक हातात धरून बोलून आलेली. तिला आता कोण अडवणार? तरी विचारून झाल्यावर तिने टॉर्च उगाचच या हातातून त्या हातात घेतला.

बाबा न्हाणीघरात स्टुलावर उभे होते. समोर भिंतीवरचा गळका छोटा गीझर, झाकण काढलेलं, आणि आत उरलेलं पाणी खालच्या बादलीत टपटपत होतं. बाबांच्या दुरुस्त्यांवर या घरात कोणी ब्र काढत नसे. बाबा दुरुस्त करत, सगळे वा वा म्हणत, आणि ते बाहेर पडले की ती तेच काम बहुतेकदा गुपचूप पुन्हा करी.

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"येत नाही. तुझ्या आईला वाटतं येतं, म्हणून करतो."

"मला कधीच वाटलं नाही हं!" आई दारातूनच म्हणाली. "तुमचं मन कशाला मोडा, म्हणून आपली गप्प."

तिघंही इतके हसले की स्टूल डगमगलं. ती मात्र लवकर थांबली. दूरच्या एका निवासी शाळेत तिची निवड झाली होती आणि याच आठवड्यात उत्तर कळवायचं होतं. "तू गेलीस तर तुमचं घर वाहून जाईल," असं मैत्रिणी चिडवत. तिला ते मनातून खरं वाटे. आईबाबांनी विचारलं की ती म्हणे, "बघू."

"सरका, मी करते," ती म्हणाली.

"नको. तू हात मागे बांध आणि नुसती बघ. आणि मी बाहेर गेल्यावर हे उघडायचं नाही."

तिचे कान तापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"कपाटाची बिजागरी मी उलटी लावली होती. सकाळी सुलटी. भुतं येतात का घरात?"

तिने हात मागे बांधले.

"मेन स्विच?" तिने विचारलं.

"बंद. टेस्टर लावून पाहिलाय."

"पाण्याचा कॉक?"

"तोही."

बाबांनी स्क्रू काढून कॉइल खाली ओढली. तिच्याभोवतीची रबरी रिंग पार चपटी झाली होती. ही रिंग काढून बाबा नवी बसवणार, तेवढ्यात ती ओरडली, "थांबा! खाली अजून एक आहे."

रिंग बसते त्या खाचेच्या तळाशी काळीकुट्ट, दगडासारखी झालेली दुसरी रिंग चिकटून बसली होती. बाबा ओशाळले.

"मागच्या वेळी ती निघेचना. म्हटलं, राहू दे, वरून नवी चढवू. एकीपेक्षा दोन बऱ्या."

"अहो, स्वेटर आहे का तो?" आई म्हणाली.

"म्हणून तर गळत होतं, बाबा! नवीला बसायला जागाच नव्हती."

बाबांनी लाकडी काडीने जुनी रिंग तुकड्यातुकड्यांनी उकरली. खाच फडक्याने पुसली, नवी रिंग ओली करून बोट गोल फिरवत दाबली. पाठीमागे तिची बोटं आपोआप तशीच फिरत होती.

"एकच स्क्रू घट्ट करू नका, समोरासमोरचे..." ती म्हणायला गेली. बाबा समोरासमोरचेच थोडे थोडे आवळत होते.

आधी पाणी सोडलं. नळ खोकला, थुंकला, मग नीट धार धरली. बाबांनी झाकण लावून मेन स्विच चालू केला. तिने गीझरखाली वर्तमानपत्र धरलं आणि तिघंही वर बघत राहिले.

एक थेंब तरी पडावा, असं तिला क्षणभर वाटलं. पडला नाही. कागद कोरडा ठणठणीत.

"अगं बाई, कढत येतंय की!" आईने नळाखालचा हात झटकन मागे घेतला. बाबा स्टुलावरून उतरले ते असे, जणू किल्ला जिंकून आलेत.

तिने त्या कागदाची नीट घडी घातली, घसा साफ केला आणि माइकवर बोलावं तशी ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलं. त्या शाळेला हो म्हणून कळवा. मी जाणार."