आईझाड

तिला सगळे डोळेवाली ताई म्हणत. नवख्या माणसाला वाटे, ही चष्मे विकते. एकदा तर एक म्हातारा लाल झालेला डोळा चोळत तिच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी तासभर बसून राहिला होता. ताई डोळे भरायची ते संत्र्याच्या कलमांचे. चांगल्या झाडाच्या काडीवरचा इवलासा कोंब पातळ सालीसकट अलगद काढायचा, रानलिंबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात सरकवायचा आणि वरून पट्टी आवळायची. दिवसाला तीनशे डोळे भरले तरी तिचा हात थरथरत नसे. शंभरातली पंचाण्णव कलमं धरायची.

आणि हे सगळे डोळे एकाच झाडाचे. रोपवाटिकेच्या मधोमध उभं असलेलं ते झाड तिने स्वतः निवडून, जपून वाढवलेलं. फळ गोड, साल पातळ, बिया जेमतेम दोन-चार. ती त्याला आईझाड म्हणायची. आसपासच्या कितीतरी बागा त्याच झाडाच्या होत्या. तिच्या धाकट्या भावाची चारशे झाडांची बागसुद्धा. भाऊ ट्रक चालवायचं सोडून शेतीला लागला, तेव्हा ती सगळी कलमं ताईने स्वतःच्या हाताने बांधून दिली होती. "लेकरं ताईची, मी नुसता सांभाळतो," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

एका दुपारी भावजय पिशवीत चार फळं घेऊन आली.

"वन्सं, हे बघा जरा. यांना दाखवलं तर म्हणतात, उन्हाने झालं असेल."

फळं एका अंगाला कललेली होती. देठाकडे पिवळी, खाली मात्र हिरवीगार. ताईने एक कापून फोड तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. कडवट, तुरट. आतल्या बिया काळ्या आणि पोचट.

"जस्त कमी पडलंय," ताई म्हणाली. "दोन फवारे द्या, येईल ताळ्यावर."

भावजय निर्धास्त होऊन गेली. डोळेवाल्या ताईने सांगितलं म्हटल्यावर पुढे विचारायचं काय?

फवारे झाले. वर्ष गेलं. पुढच्या हंगामात कललेली फळं आणखी झाडांवर दिसली, तेव्हा ताई स्वतः बागेत गेली. एक पान तोडून तिने उन्हासमोर धरलं. मग दुसरं, तिसरं. जस्त कमी पडलं की पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात. इथे एका बाजूला जे चाललं होतं, ते दुसरीच्या गावीही नव्हतं. कुठे पिवळा डाग, कुठे हिरवा, मेळ कशाचा नाही. कोवळ्या शेंड्यांवर तिळाएवढे करडे किडे शेपटाकडचा भाग उचलून बसले होते. हात लावताच उडाले.

तिने या रोगाबद्दल ऐकलं होतं. किडा रस पिता पिता रोग एका झाडातून दुसऱ्या झाडात नेतो, आणि झाडात एकदा तो शिरला की त्याला औषध नाही, एवढं तिला माहीत होतं. वर्षभरापूर्वीही माहीत होतं.

तपासणीला प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या. शांत बाई, बोलणं मोजकं. त्यांनी झाडाझाडाची पानं पाकिटांत भरली आणि विचारलं, "याच्या डोळकाड्या कुठल्या?"

"माझ्याच. माझ्या झाडाच्या."

"मग त्याचीही पानं घ्यावी लागतील."

"त्याला काही झालेलं नाही, मॅडम. या, डोळ्यांनी बघा."

मॅडमनी पाहिलं. आईझाड फळांनी वाकलं होतं, पान न् पान तुकतुकीत. "सुरुवातीला दिसत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "दोन-दोन, तीन-तीन वर्षं दिसत नाही." आणि पानं घेऊन गेल्या.

तीन आठवड्यांनी फोन आला तेव्हा ताई पट्ट्या कापत बसली होती.

"तुमच्या भावाची तेहतीस झाडं निघाली," मॅडम म्हणाल्या. "आणि ताई, तुमचंही."

ताईने कात्री खाली ठेवली. "पुन्हा तपासता येईल का?"

"दोनदा तपासलंय."

"एखादी फांदी छाटून? मुळाशी काही घालून?"

"नाही, ताई. काढायचं, आणि आसपासचा किडा मारत राहायचा. दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी करवतवाला आला. आईझाडाला अर्धा तास पुरला. त्याच्याच डोळ्यांची दोन हजार कलमं वाफ्यात उभी होती, तीही उपटून जाळली. ओला पाला पेटता पेटेना. धुराने सगळ्यांचेच डोळे वाहत होते, म्हणून ताईच्या डोळ्यांचं कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. तो ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हणजे तुझ्याकडून माझ्याकडे आलं, की माझ्याकडून तुझ्याकडे?"

"मॅडम म्हणतात, ते आता सांगता येत नाही."

"मॅडमचं राहू दे. तुला काय वाटतं?"

भावजयीने चहा आणून ठेवला आणि ती आत निघून गेली. त्या जस्ताबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं.

मग तिने आठवून आठवून कलमं नेलेल्या एकेकाला फोन लावले. आमच्याकडचं झाड असं निघालं, तुमची पानं तपासून घ्या. कोणी आभार मानले, कोणी फोनच ठेवून दिला. बहुतेकांनी एकच विचारलं, "मग ताई, मारू काय?" ती किड्याच्या औषधाचं नाव सांगायची. "त्याने झाड बरं होईल?" पुढचा प्रश्न यायचा, आणि ती म्हणायची, "नाही." दर वेळी तितकंच जड जायचं.

भावाने तेहतीस झाडं काढली. पुढच्या तपासणीत आणखी एकोणीस निघाली. शेजारच्या बागायतदाराचीही काही निघाली होती, पण त्याने एकही काढायचं नाही असं ठरवलं होतं. लगडलेलं झाड कोण पाडेल, हे त्याचं म्हणणं. ताई दोनदा त्याच्या दारात जाऊन आली. दोन्ही वेळा त्याने तिला पाणी दिलं, बसवलं, ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. त्याच्या बागेतला किडा वाऱ्यावर इकडे येतच राहिला.

थंडी सरताना एका सकाळी ती भावाच्या बागेत गेली तर तो रिकाम्या जागी खड्डे घेत होता. बांधावर पन्नासेक कलमं रांगेत ठेवलेली. पानं ताजी, हिरवीगार.

"कुठून आणलीस?"

"नाक्यावरच्या रोपवाल्याकडून. चांगली वाटली."

ताई बांधावर बसली. तीन वर्षांपूर्वी त्याच रोपवाल्याला तिने ओल्या गोणपाटात गुंडाळून डोळकाड्यांच्या दोन मोळ्या दिल्या होत्या. तिने फोन केला तेव्हा तो हसला होता, माझ्याकडे सगळं ठीक आहे म्हणाला होता.

"धाकट्या," ती म्हणाली, "ही माझ्याच झाडाची आहेत."

भाऊ फावड्यावर रेलून उभा राहिला.

"सगळी?"

"सगळी नसतीलही. बघून कळत नाही."

"दुसरीकडून आणू?"

"दुसरीकडची तरी कुणाची असतील, काय सांगू? मॅडम म्हणाल्या, तपासलेली रोपं मिळायला दोन वर्षं थांबावं लागेल."

"दोन वर्षं ही जागा अशीच बघत बसू?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचारत होता.

आयुष्यभर झाडांबद्दल कोणी काही विचारलं की तिच्याकडे उत्तर तयार असायचं.

भावाने पहिलं कलम उचललं, पिशवी फाडली, मातीचा गड्डा खड्ड्यात ठेवला. एकट्याने करताना ते तिरपं होत होतं. त्याने दोनदा सरळ केलं, दोनदा ते कललं.

ताई उठली, खड्ड्यापाशी गुडघे टेकून बसली आणि तिने कलम दोन्ही हातांनी सरळ धरलं. भाऊ माती ओढू लागला.