रेड्याचा आवाज

सूर्यमाळच्या पलीकडच्या पाड्यावर हरेशच्या टँकरला कोणी टँकर म्हणत नसे. लष्कराच्या लिलावातून आलेला तो जुना पेट्रोल ट्रक चढ चढताना असा हंबरे, की पाड्याने त्याचे नाव रेडा ठेवले होते. त्याचा हॉर्न केव्हाच बंद पडला होता आणि तो दुरुस्त करावा असे कोणालाही वाटले नव्हते. सायलेन्सरला पडलेल्या भोकांमुळे रेडा दोन वळणे खालूनच ऐकू येई.

पाड्याची विहीर माघातच आटे. तळाशी झऱ्याचे थोडेसे पाणी साचे. ते करवंटीने हंड्यात भरायला बाया दगडी बांधणीतल्या खाचांत पाय रोवून खाली उतरत. काठावरच्या मोहाखाली काळीबाय बसे. तिचे डोळे गेल्यात जमा होते, पण कान शाबूत होते. लांबून हंबरणे ऐकू आले की ती हाळी देई, "रेडा आला!" मग आतल्या बाया वर येत, पाइप स्वतःच विहिरीत सोडत, आणि हरेश मागचा व्हॉल्व्ह उघडी. त्या पाण्याचा लोट असा असे, की बांधणीतले सैल दगड निखळून पडत. आत कोणी उरलेले नाही ना, हे हरेशला कधी पाहावे लागले नव्हते.

त्याची भीती वेगळी होती. गेल्या उन्हाळ्यात उंबराच्या वळणावर, टाकी भरलेली असताना, इंजिन बंद पडले होते आणि ट्रक मागे घसरू लागला होता. चाकाखाली दगड सापडला म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून ते वळण जवळ आले की त्याच्या तळहातांना घाम सुटे. थोरली बहीण रामी त्याच पाड्यावर दिली होती. ती त्याला चिडवी, "हऱ्या, तुझ्यापेक्षा तुझा रेडा धीराचा." पण तिच्या घरचे पाणीही त्याच टाकीतून येत होते, आणि हे दोघांनाही ठाऊक होते.

या वर्षी उन्हाळा तोंडावर येताच त्याने ट्रक जव्हारला भावेशच्या गॅरेजात नेला. भावेश त्याचा शाळासोबती. हात चालत असताना त्याचे तोंडही चाले. त्याने सांगितले, की चढावर जुन्या कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल मागे कलंडते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी इंजिन उपाशी राहते. शिवाय हवा आत येण्याचा मार्ग अरुंद आणि धूर बाहेर जाण्याचा मार्ग काजळीने बुजलेला. त्याने दुहेरी नळीचा मोठा कार्बोरेटर बसवला, तिथून पेट्रोल-हवा इंजिनात नेणारा त्याच्या मापाचा मॅनिफोल्ड घडवून घेतला, नवा एअर फिल्टर लावला आणि इंजिनापासून शेवटपर्यंत रुंद एक्झॉस्ट पाइप टाकला. पेट्रोल सोडणारे बारीक जेट बदलून तो दर वेळी प्लग काढून पाही. काळा निघाला की पेट्रोल जास्त, पांढरा निघाला की कमी. अखेरीस प्लग भाजलेल्या नागलीच्या भाकरीच्या रंगाचा निघाला, तेव्हा तो थांबला.

सायलेन्सर कसला लावायचा, एवढेच त्याने हरेशला विचारले. हरेशने चांगला, नवा मागितला. इतकी वर्षे त्या आवाजाने त्याचे कान बधिर झाले होते.

"रेड्याची म्हैस करतोयस," भावेश हसून म्हणाला.

पहिल्या खेपेला हरेश बंधाऱ्यावर टाकी भरून निघाला. चढ लागला आणि ट्रक कुरकुर न करता वर जाऊ लागला. उंबराचे वळण आले. त्याने पाय दाबला; इंजिनाने ओढ घेतली आणि वळण मागे पडले. त्याला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण इंजिनाची इतकी मंद घरघर त्याच्या ओळखीची नव्हती. काहीतरी तुटून मागे पडले असावे, अशी शंका त्याला येत राहिली. दोनदा त्याने खिडकीतून मागे वळून पाहिले.

विहिरीवर कोणीच नव्हते. हंडे नव्हते, भांडणे नव्हती. मोहाच्या सावलीत कोणी अंगावर लुगडे ओढून पडले होते. पाड्यात मयत तर झाले नाही ना, असे त्याच्या मनात आले आणि त्याने घाई केली. ट्रक मागे घेऊन त्याने पाइप स्वतःच विहिरीत सोडला आणि व्हॉल्व्ह फिरवला.

पाणी कोसळल्यावर त्याची नजर काठावर गेली. तिथे चपला होत्या. त्यांतल्या एकीचा निळा पट्टा तारेने बांधलेला होता. ती तार त्यानेच, शिमग्याला रामीकडे गेला असताना, पिळून दिली होती.

व्हॉल्व्ह बंद करायला चाक पुन्हा उलटे फिरवावे लागे. हात ओले झाल्याने ते निसटू लागले. खाली एक दगड पडल्याचा आवाज आला, मागोमाग पत्रा चेपल्याचा. हरेशने सदरा काढून चाकाला गुंडाळला आणि अंग टाकून ते फिरवले. पाणी थांबले. विहिरीत फक्त निथळण्याचा आवाज उरला.

तो काठावर पालथा पडला. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतला काळोख दिसेना. त्याने हाक मारली. त्याचाच आवाज परत आला. पुन्हा हाक मारण्याचे त्याला धैर्य होईना, कारण या वेळीही उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ एकच झाला असता.

तो खाचांत पाय टाकत उतरला. तळाशी चेपलेला हंडा गढूळ पाण्यात आडवा पडला होता. बांधणी ढासळून झालेल्या खळगीत रामी अंग चोरून बसली होती. खांद्यावरून रक्त वाहत होते. बांधणीतून बाहेर आलेले मोहाचे एक मूळ तिने धरले होते. त्याने तिची बोटे सोडवू पाहिली; ती सुटेनात.

"रेडा आला नाही," ती कुडकुडत म्हणाली, "मग पानी कसं आलं रं?"

काळीबाय काठावर आली होती. गाडीचा आवाज तिला आला होता, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. जंगल खात्याची जीप असेल म्हणून ती पडून राहिली. टँकर गॅरेजात म्हणून बाकीच्या बाया खालच्या ओढ्याला गेल्या होत्या. तिला कोणी दोष दिला नाही. तरी ती बोलत राहिली.

भावेशने हॉर्न दुरुस्त करून दिला. पाड्यावरच्या बाया नवा आवाज ओळखायला शिकल्या. रामीच्या खांद्याची जखम भरून आली, पण ती विहिरीत उतरेनाशी झाली. तिची सून उतरू लागली.

हरेश मात्र प्रत्येक खेपेला विहिरीखालच्या भर चढावर थांबतो. पूर्वी तिथे थांबणे म्हणजे ट्रक घालवणे होते. आता भरल्या टाकीनिशी ट्रक पुन्हा उचल घेतो. हरेश चाकाला दगड लावतो, इंजिन बंद करतो आणि चालत वर जातो. काठावर बाया उभ्या असतात, आत कोणी नाही म्हणून सांगतात, कधी हसतातही. तो मान हलवतो. शेवटची काही पावले त्याची हळू पडतात. मग तो गुडघे टेकतो, डोळ्यांवर हाताची सावली धरतो आणि काळोख निवळेपर्यंत विहिरीत पाहत राहतो.