बिनदाव्याची ढोरं

जयदेव मोहितेला सरकारी उद्यान खात्यानं घेतलं होतं ते झाडं लावायला. नेरूळच्या नव्या रस्त्यांच्या कडेला खड्डे मोजायचे, रोपं मोजायची, मेली त्यांच्या जागी दुसरी लावायची, हे काम चार वर्षं त्यानं मन लावून केलं. पण चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत साहेबांनी रस्त्यावरून गाडी नेली आणि त्यांना सलग चाळीस रोपांचे नुसते दांडके दिसले. आसपासच्या गावांतली गुरं सकाळ-संध्याकाळ येऊन पाला ओरबाडून जात होती. आठवड्याभरात जुई गावाजवळ, भराव घातलेल्या मोकळ्या जागेवर, पत्र्याची शेड उभी राहिली. भोवती काटेरी तार, आत सिमेंटची टाकी, बाहेर ‘कोंडवाडा’ अशी पाटी. ताबा जयदेवकडे आला.

साहेब म्हणाले की तुम्ही गावाकडचे, तुम्हाला जनावरांचं कळतं. जयदेवनं सांगितलं की गावाकडचा आहे, पण जनावरांचं काम सुटावं म्हणूनच शिकलो. तोवर साहेबांनी फोन उचलला होता.

घरी त्याची बायको सुमेधा, बालवाडीत शिकवायची, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, रोपं सांभाळायला आलात, आता रोपं खाणाऱ्यांना सांभाळा. त्या दिवसापासून त्याचे कामाचे कपडे गॅलरीतच उतरू लागले.

पहिले काही दिवस बरे गेले. गुरं पकडली की तासाभरात मालक धावत यायचा, चार शिव्या द्यायचा, दंड भरून जनावर घेऊन जायचा. पण माघ लागला तसं कुणी येईना. आधी सात जनावरं राहिली, मग नऊ, मग तेरा. जयदेवनं गावात निरोप धाडले. निरोप तसेच परत आले: आमचं नाही, ओळखत नाही, शेजारच्या गावात विचारा. नियम असा होता की पंधरा दिवसांत कुणी आलं नाही तर लिलाव करायचा, आणि लिलाव होईपर्यंत वैरण-पाणी खात्यानं बघायचं.

लिलाव ठेवला. टेबलावर चादर अंथरली, साहेब येऊन बसले. गावातली पाच-पन्नास माणसं तारेपलीकडे उभी राहिली आणि स्वतःच्याच जनावरांकडे ती पहिल्यांदा दिसत असल्यासारखं बघत राहिली. बोली एकानंही लावली नाही. एक म्हातारा पांढरा बैल मात्र गर्दीतल्या जानू म्हात्रेला बघून हंबरला आणि तारेवरून त्यानं मान लांब केली. जानू खाडीकडे बघत तंबाखू मळत राहिला. तासाभरानं साहेब उठून गेले, चादर जयदेवनं घडी केली.

आणि मग एका सकाळी त्यानं मोजली तर चौदा भरली. आदल्या संध्याकाळी तेरा होती. गुरं पकडणाऱ्या गड्यांना विचारलं, तर ते म्हणाले आम्ही चार दिवसांत एकही पकडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा. तिसऱ्या दिवशी जयदेव उजाडायच्या आधीच येऊन शेडमागे उभा राहिला. जुईच्या वाटेनं एक साठीची बाई आली. काष्टा घातलेलं लुगडं, हातात दावं, मागे एक गाभण म्हैस. तिनं फाटकाची कडी काढली, म्हैस आत घेतली आणि सावलीची जागा बघून खुंट्याला बांधली.

“मावशी, हे काय चाललंय?” जयदेव पुढे आला.

ती दचकलीसुद्धा नाही. “दिसत नाय? म्हस बांधते.”

“हा कोंडवाडा आहे. इथे पकडलेली जनावरं ठेवतात.”

“मग पकडली समज.”

तिचं नाव गिरजाबाई. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगा कारखान्यात पाळीवर. तिनं टाकीत हात घातला, पाण्याचा वास घेतला आणि जयदेवला विचारलं की हे पाणी कधी बदललं. दोन दिवसांपूर्वी, तो म्हणाला. ती म्हणाली, गाभण म्हैस असलं पाणी पीत नाही. मग गव्हाणीतलं गवत चिवडून म्हणाली, ह्यात निम्मी काटेरी काडी आहे, झाडून घालत जा. आणि म्हैस बांधून निघून गेली.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. तिची येण्याची हिंमत बघून बाकीचेही उघड येऊ लागले. कुणी दूध काढायला, कुणी गोचिड्या काढायला. जनावर ओळखत नाही म्हणणारी माणसं त्याच जनावराला नावानं हाक मारायची, कासंडी भरायची आणि जाता जाता जयदेवला सांगायची की हिला थोडी पेंड चालू करा, दूध पातळ झालंय. त्यानं एकदा फाटकाला कुलूप लावलं, तर वेळ टळलेल्या गाई-म्हशी दाटलेल्या कासेनं अशा ओरडू लागल्या की सारसोळ्याहून मासळी घेऊन जाणाऱ्या बायका थांबून त्यालाच बोलू लागल्या. कुलूप त्यानं स्वतःच काढलं.

मग त्यानं उलटं करून पाहिलं. फाटक सताड उघडलं आणि सगळी गुरं काठीनं गावाच्या दिशेनं हाकलून दिली. दुपारी ती एकेक करून परत आली आणि टाकीभोवती उभी राहिली. जायला जागाच नव्हती. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मोहिते, एवढं तुम्हाला जमत नाही?

फाल्गुन लागला आणि गवताची गाडी यायची थांबली. मार्चअखेर जवळ आली होती. पुढच्या खरेदीची मंजुरी एप्रिलशिवाय मिळणार नव्हती. जयदेवनं तीन अर्ज केले. पहिल्यावर विचारणा आली की जनावरं नेमकी किती, दुसऱ्यावर विचारणा आली की एवढी कशी वाढली, तिसऱ्याला उत्तर आलं नाही. भाऱ्यातलं गवत त्यानं निम्मं केलं, मग पाव. रोपवाटिकेतलं तण काढून आणलं, कॉलनीतल्या भाजीवाल्याकडून कोबीचा पाला आणला. तो पाला कुणाला पुरणार? गुरं एकमेकांच्या अंगावरचं चाटू लागली. शेडचं बारदान खाल्लं. तो वैतागून जुईला गेला आणि गिरजाबाईच्या दारात उभं राहून म्हणाला की आता पुरे झालं, आपापली जनावरं घेऊन जा, माझ्याकडे काडी नाही.

ती त्याला घराच्या मागल्या अंगाला घेऊन गेली. तिथे पेंढ्याची उडवी रचायची मोठी गोल जागा होती, आणि ती झाडून ठेवलेली, रिकामी होती. समोर तिचं शेत होतं असं तिनं सांगितलं. आता तिथे मुरूम टाकून रस्त्याची आखणी झाली होती. सरकारनं परवाच्या साली भात लावू दिलं, गेल्या पावसाळ्याआधी भराव आला.

“भात तं आम्ही दुकानातून आनू,” ती म्हणाली. “पेंडा दुकानात गावतो का?”

जयदेवचा वैताग आणखी वाढला. मी काय करू, असं तो तिथे दोनदा म्हणाला आणि परत आला.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तो पांढरा बैल उठला नाही. मान टाकून पडला होता, डोळ्यांवर माश्या. दुपारपर्यंत ऊन चढलं. साहेब गाडीतून आले, रुमाल नाकाला लावून लांबूनच बघितलं.

“हे हलवायला हवं,” ते म्हणाले. “मोहिते, तुम्हा लोकांना त्यातलं कळतं. बघा जरा.”

जयदेवच्या हातात पाण्याची बादली होती, ती त्यानं खाली ठेवली. त्याचे वडील मंडणगडकडच्या गावात राहत. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावाला सांगितलं की यापुढे मेलेलं ढोर ओढणार नाही. त्यावरून वर्षभर त्यांना कुणी कामाला बोलावलं नाही, वाणी मीठ देईना. आई त्या वर्षाबद्दल कधी बोलली नाही, पण मुलांना शाळेत पाठवताना दर वेळी तिच्या चेहऱ्यावर ते वर्ष असायचं.

“साहेब,” जयदेव म्हणाला, “जिवंत जनावराला मी चारा घालतो, पाणी पाजतो, शेण काढतो. मेलेल्याला मी हात लावणार नाही. तुम्ही लेखी आदेश द्या, मी लेखी नकार देतो.”

साहेब लाल झाले. आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं, असं काहीतरी पुटपुटत ते गाडीत बसले. जयदेव शेडच्या सावलीत एका विटेवर जाऊन बसला.

फाटकापाशी गिरजाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळून गावात गेली. अर्ध्या तासानं परत आली ती जानू म्हात्रे आणि त्याच्या दोन पुतण्यांना पुढे घालून. जानू फाटकाबाहेरच थांबला आणि म्हणाला की हा बैल माझा नाही.

“दिवालीला त्याच्या शिंगाला गेरू कोनी लावला?” गिरजाबाईनं विचारलं. “तुज्या पोरीच्या लग्नात वराडाची गाडी कोनी वडली? आता मेल्यावर तो सरकारचा झाला? ह्या मानसानं महिनाभर त्याला पानी पाजलंन. तू काय केलंस?”

जानू आत आला. बैलाच्या डोक्याशी उकिडवा बसला आणि त्याच्या कानामागे खाजवू लागला, जिवंत असल्यासारखं. मग पुतण्यांनी पायांना दोर बांधले. तिघांनी मिळून बैल खाडीकडच्या पडीक जागेत नेला, खड्डा खणला, मिठागरावरून दोन गोणी मीठ आणून त्यावर टाकलं. जयदेवनं खात्याची पहार आणि दोन फावडी काढून दिली. दोराला त्यानं हात लावला नाही, आणि लाव असं कुणी म्हटलं नाही. जाताना जानू फावडी धुऊन परत घेऊन आला. ‘मोहितेभाऊ’ एवढंच म्हणाला आणि ती शेडला टेकवून गेला.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईनं जयदेवला बजावलं की आता बाकीची मरायची वाट बघत बसू नकोस. तिचं माहेर न्हाव्याच्या बाजूला. भावाकडे दोन उडव्या उभ्या आहेत, तुझ्या खात्याचा टेम्पो काढ. जयदेव म्हणाला, टेम्पो शेणखत आणण्यासाठी आहे, पेंढ्यासाठी नाही. ती म्हणाली, मग शेण घेऊन जाऊ, तुझ्याकडे शेणाला काय तोटा?

ते खरं होतं. शेडमागे दोन महिन्यांचं शेण साठलं होतं आणि ते उचलण्याबद्दलही त्याचा एक अर्ज कुठेतरी पडून होता. टेम्पोचा ड्रायव्हर सदू हा जुईचाच जावई निघाला. जयदेवनं वहीत ‘शेणखत वाहतूक’ असं लिहिलं, जे अगदीच खोटं नव्हतं, आणि पनवेलवरून वळसा घालून ते तिघं न्हाव्याकडे निघाले. वाटभर गिरजाबाई त्याला सांगत होती की पेंढा गुरांना कसा घालायचा: मिठाचं पाणी शिंपडून, थोडा थोडा, गाभणीला आधी. जयदेव म्हणाला की मला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत होतं तर बैल का मेला?

भावाच्या शेतातही मोजणीच्या खुंट्या लागल्या होत्या. तिथे बंदर होणार होतं. भाऊ म्हणाला, अजून एक पावसाळा तरी निघेल, शेण टाका तिकडे बांधाला. पेंढा त्यानं स्वतः टेम्पोत रचून दिला, एवढा उंच की सदूला दोर पुरेना.

तो पेंढा जयदेवनं पेंढीपेंढीनं पुरवला. सकाळी प्रत्येकी दोन, संध्याकाळी एक, गाभणीला एक जास्त. हिशेबानं तो एप्रिलच्या अखेरीपर्यंत पुरायला हवा होता, आणि तोवर मंजुरी यायला हवी होती. गुरांच्या अंगावर जरा तकाकी आली. गुढीपाडव्यानंतर गिरजाबाईची म्हैस व्याली, रेडी झाली. तिच्या नावाची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे साहेबांनाही सांगता आलं नाही.

चौदा-पंधरा एप्रिलला जयदेवला सुट्टी हवी होती. तुर्भ्याला जयंतीचा कार्यक्रम होता, सुमेधाच्या बालवाडीतली मुलं गाणं म्हणणार होती, मिरवणुकीची अर्धी जबाबदारी त्याच्यावर होती. पण गुरांना दोन दिवस बघणार कोण? पकडणारे गडी नाही म्हणाले. साहेबांनी अर्जावर ‘पर्यायी व्यवस्था करून’ असा शेरा मारला.

“तू जा, बाला,” गिरजाबाई म्हणाली. “तुमचा सन हाय. मी बघते.”

त्यानं तिला तीनदा समजावलं. सकाळी दोन, संध्याकाळी एक. पेंढ्या मोजून वेगळ्या काढून ठेवल्या. तिनं मान हलवली. तो पांढरा सदरा घालून गेला, दोन दिवस त्याच्या अंगाला शेणाचा वास आला नाही, आणि मुलांनी गाणं छान म्हटलं.

सोळाला सकाळी तो आला तेव्हा गुरं बसून रवंथ करत होती, पोटं तट्ट फुगलेली. शेडचा पेंढ्याचा कोपरा झाडून ठेवला होता. तिथे एक काडी नव्हती.

“मावशी, पेंढा कुठे गेला?”

“घातला.”

“दोन आठवड्यांचा?”

“तुमी तिकरं जेवलाव ना पोटभर? मंग ह्यांनी मोजून खायाचं? सनाच्या दिवशी?” रेडीच्या गळ्यात तिनं लाल धाग्यात ओवलेली घुंगरं बांधली होती, ती नीट करत ती म्हणाली.

जयदेव विटेवर बसला. त्यानं आधी तिला सांगितलं की हिशेब म्हणजे काय असतं. मग सांगितलं की मंजुरी अजून आलेली नाही. मग सांगितलं की टेम्पो पुन्हा मागायचा तर साहेबांसमोर उभं राहायला हवं, आणि साहेब त्याच्याशी महिनाभर धड बोललेले नाहीत. ती ऐकत होती की नाही कळेना. त्याचं बोलून झाल्यावर ती म्हणाली की भावाची दुसरी उडवी अजून तशीच आहे, शेणही बरंच साठलंय, सदूला मी कालच सांगून ठेवलंय.

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. जयदेवनं धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, शेणाचं घमेलं उचललं आणि तिला म्हणाला, निदान दुसऱ्या बाजूनं तरी धरा.