दीड किलो जास्त

काडीने बाबांच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर दोन्ही पाय ठेवले, गाल फुगवले आणि श्वास रोखून धरला.

"श्वास रोखून वजन वाढत नाही," काट्यापाशी उकिडवे बसलेले बाबा म्हणाले.

"हवेलाही वजन असतं. आमच्या पुस्तकात आहे."

"असेल. पण तुझ्या गालांत मावते तेवढीला नसतं. सोड."

तिने श्वास सोडला. सुई होती तिथेच राहिली. त्रेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. परवाही तेवढंच होतं आणि तेरवाही तेवढंच.

शाळेच्या हवाई छात्र पथकाला ग्लायडरमध्ये बसायला मिळणार होतं. प्रत्येक छात्राला शेजारच्या गावाबाहेरच्या धावपट्टीवरून एक फेरी मिळायची. पुढच्या सीटवर छात्र, मागे प्रशिक्षक, आठ मिनिटं आकाशात. परिपत्रकात सगळं व्यवस्थित लिहिलं होतं आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती: छात्राचं वजन किमान पंचेचाळीस किलो असावं. काडी नववीत होती. मागच्या वर्षी वाऱ्यामुळे उड्डाणं रद्द झाली होती आणि दहावीच्या मुलांना पथकात ठेवत नसत. म्हणजे हीच वेळ होती, आणि त्या वेळेला नऊ दिवस उरले होते.

घरात मग युद्धपातळीवर खाणं सुरू झालं. सकाळी दोन केळी आणि पेलाभर दूध, दुपारी लोण्यात परतलेले बटाटे, संध्याकाळी पुन्हा केळी. आई ताट वाढून समोर बसायची आणि काडीने हात आखडता घेतला की, "टाकायचं नाही हं अन्न," असं म्हणून उरलेलं स्वतः संपवायची. आठव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी दोघींनाही काट्यावर उभं केलं. काडी त्रेचाळीस किलो नऊशे ग्रॅम भरली. आईचं वजन दोन किलोंनी वाढलं होतं.

"तुमचा काटा बिघडलाय," आई म्हणाली.

घरात हे वाक्य फक्त तीच बोलू शकत होती. बाबांचा धंदाच काटे दुरुस्त करण्याचा. बाजारातल्या दुकानांचे तराजू, गोदामांचे मोठे वजनकाटे, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा काटा, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. काट्याच्या बाबतीत ते कुणाची भीडभाड ठेवत नसत. तीन वर्षांपूर्वी सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर, "चाळीस ग्रॅम कमी देतोयस की रे," असं ते सहज म्हणाले होते. तेव्हापासून काडीचा मामा घरी यायचा बंद झाला होता. बाबांना त्याचं वाईट वाटायचं. पण चाळीस ग्रॅम म्हणजे चाळीस ग्रॅम.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी बाबांनी सवयीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि पितळी वजनांची लाकडी पेटी उघडून पाहिली. प्रत्येक वजनाला मखमलीत आपापला खळगा होता. अर्ध्या किलोचे दोन खळगे रिकामे होते.

त्यांनी झाकण लावलं. बाहेर काडी स्कूटरपाशी उभी होती. कडक इस्त्रीचा गणवेश, चकचकीत बूट, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे.

"चहा तरी घेऊन जा गं," आतून आई ओरडली.

"घशाखाली उतरत नाहीये."

ती स्कूटरवर बसली तेव्हा तिचा डावा पाय कशावर तरी आपटला आणि टण् असा बारीकसा आवाज झाला. पितळेचा तो आवाज बाबांनी झोपेतही ओळखला असता. पाऊण तासाच्या रस्त्यात त्यांनी बोलायला चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा वारा गिळला.

धावपट्टी म्हणजे लांबच लांब गवताचा पट्टा होता. एका टोकाला पत्र्याची मोठी शेड, शेडबाहेर पांढरं ग्लायडर एका पंखावर कलून पडलेलं. दुसऱ्या टोकाला दोरखंड गुंडाळणारं यंत्र. ते दोर भर्रकन ओढून घ्यायचं आणि त्या ओढीवर ग्लायडर पतंगासारखं वर जायचं. इंजिन नाही हे कळल्यावर दोन पालकांचे चेहरे उतरले. पथकाचे सर मात्र फुललेले होते. एरवी ते शाळेत पी.टी. शिकवत. आज त्यांनी काळा चष्मा लावला होता.

मुख्य प्रशिक्षक उंचपुरे, पांढऱ्या मिशांचे आणि चांगले भरदार होते. ते खुर्चीत बसून डब्यातली काकडी खात होते, आणि अगदी नाइलाजाने खात होते.

"एकेकाने काट्यावर!" सर ओरडले.

काटा गोल तबकडीचा, जुना होता. तबकडीच्या काचेवर, शून्याच्या जागी, कुणीतरी ग्लायडर क्लबचा पंखांचं चित्र असलेला स्टिकर चिकटवून ठेवला होता. काडीची पाळी आली. ती जरा जपूनच, पाय लांब लांब टाकत गेली आणि चढली.

"सेहेचाळीस चारशे!" सर म्हणाले आणि कागदावर लिहिलं. "पुढचा!"

काडी उतरली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं जे हसू पसरलं ते बाबांनी पाहिलं. ते तिच्या पहिलीच्या वर्गातलं हसू होतं, दोन दात पडलेले असतानाचं. पण तोवर डोक्यात बेरीज सुरू झाली होती आणि ती थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. काल बुटांसकट त्रेचाळीस नऊशे. सकाळपासून पोटात काही नाही. मोज्यांत एक किलो. चव्वेचाळीस नऊशे. मग सेहेचाळीस चारशे कुठून आले?

काटा दीड किलो जास्त दाखवत होता.

ते दोन मिनिटं गप्प बसले. आयुष्यात बिघडलेल्या काट्यासमोर ते इतका वेळ कधी गप्प बसले नव्हते. आणखी दोन मुलं वजन करून गेली. पंचेचाळीस हा आकडा कुणी उगाच लिहिला नसेल, हे त्यांना कळत होतं. हे काही बटाट्यांचं पोतं नव्हतं, जे कमी भरलं तर बायको कुरकुर करेल. शेवटी ते उठलेच.

"साहेब, हा काटा दीड किलो जास्त दाखवतोय."

प्रशिक्षकांचा काकडीचा हात हवेत थांबला. "कशावरून?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांची नजर काट्यावरून मोज्यांवर गेली, मोज्यांवरून बुटांवर, आणि तिथेच अडकली.

"कशावरून म्हणता?" प्रशिक्षकांनी पुन्हा विचारलं. सरांनी काळा चष्मा काढला. सगळं पथक वळून पाहू लागलं.

बाबा घाम पुसत उभे होते. काट्याबद्दल कुणी प्रश्न विचारावा आणि बाबांना उत्तर सुचू नये, हे काडीने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने एकदा आकाशाकडे पाहिलं, मग खाली वाकली. डाव्या मोज्यातून एक, उजव्या मोज्यातून एक, अशी दोन पितळी वजनं काढली आणि रिकाम्या काट्यावर ठेवली.

"हे एक किलो आहे," ती म्हणाली. "बघा."

सुई स्टिकरच्या खालून बाहेर आली आणि अडीच किलोवर थांबली.

मग सरांच्या गळ्यातून कवायतीचा आवाज निघाला. "मोज्यांत वजनं? पथकाचं नाव घालवलंस! रांगेबाहेर हो!"

"थांबा हो सर," प्रशिक्षक उठले. त्यांनी काडीला बाजूला काढून अख्खा काटा न्याहाळला, वजनं हातात घेतली, पुन्हा ठेवली. "दीड किलो. म्हणजे गेले चार महिने... आमची मर्यादा नव्वद किलोंची. हा काटा मला एक्क्याण्णव दाखवतो. म्हणजे मी साडेएकोणनव्वद आहे? मी चार महिने उगाच काकडी खातोय?"

"आधीही साडेएकोणनव्वदच असाल असं नाही," बाबा म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "कधीपासून बिघडलाय ते बघावं लागेल."

प्रशिक्षकांनी डबा बंद केला आणि काडीकडे वळले. त्यांचा सूर आता गंभीर होता. "हे सुटं वजन घसरून पायाखालच्या पेडलमध्ये अडकलं असतं ना, तर आपण दोघं कुठे उतरलो असतो ते मला सांगता आलं नसतं. कळतंय?"

काडीने मान हलवली.

"किती कमी पडतंय हिचं?"

"अकराशे ग्रॅम," बाबा आणि काडी एकदमच म्हणाले.

"मग त्यात काय? आमच्याकडे शिशाच्या पाट्या असतात. सीटखाली बोल्ट लावून बसवतो. बारीक मुलांना नेहमीच लागतात. शाळेला पाठवलेल्या पत्रात दुसऱ्या पानावर सगळं लिहिलं होतं."

सरांनी खिशातून पत्र काढलं. उलटलं. पुन्हा सुलटं केलं. "दुसरं पान," ते म्हणाले आणि घसा खाकरला. "ऑफिसात कुठेतरी..."

आठवडाभराची केळी काडीच्या डोळ्यांसमोरून गेली.

"तू सगळ्यात शेवटी," प्रशिक्षक तिला म्हणाले. "वारा टिकला तर. ही शिक्षा."

ती बाबांजवळ येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पेटी मी रोजच उघडतो."

"मग सांगितलं का नाहीत त्यांना? नुसते उभे राहिलात."

"अगं, मी स्टिकर काढा एवढंच सांगणार होतो," बाबा म्हणाले. "स्टिकर काढला असता की सुई दिसलीच असती."

काडी त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग बोलायचं ना!"

"सुचलं, पण तू वाकल्यावर."

सगळ्यांची वजनं पुन्हा करायची होती, म्हणून काटा दुरुस्तीला बाबांच्या ताब्यात आला. त्यांनी गवतावर बैठक मारली आणि पाठीमागचं झाकण उघडलं. आतली स्प्रिंग एका बाजूला सरकली होती. पाच मिनिटांचं काम. नव्याने वजनं झाली तेव्हा आणखी तीन मुलं पंचेचाळीसच्या खाली भरली. मघाशी काडीला नावं ठेवण्यात ती पुढे होती. आता तिघंही शिशाच्या पाट्या कुठे आहेत ते तिला विचारत होती.

ग्लायडर वर जात होतं, खाली येत होतं. उतरलेलं प्रत्येक मूल एकदम दुप्पट बोलत होतं. वारा टिकला. उन्हं कलायला लागली तेव्हा सरांनी काडीला हाक मारली.

पट्टे आवळले गेले. पाटी बसली. दोर ताणला गेला आणि ग्लायडर गवतावरून धडधडत सुटलं.

बाबा पुन्हा काट्यापाशी जाऊन बसले. झाकण उघडलं. स्क्रू सैल केला, मग घट्ट केला. डोक्यावर कुठेतरी दोर सुटल्याचा टक् असा आवाज आला आणि मग काहीच ऐकू येईना. बाबांनी तोच स्क्रू पुन्हा सैल केला. पालक, छात्र, सर, सगळे माना वर करून उभे होते. दूर वर पांढरे पंख हळूच कलले आणि ग्लायडरने झाडांच्या रांगेवरून उजवीकडे मोठं वळण घेतलं. सरांच्या दुर्बिणीतून मागच्या सीटवरच्या प्रशिक्षकांचे दोन्ही हात वर केलेले दिसले, म्हणजे ते वळण काडीनेच घेतलं होतं. छात्रांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी स्क्रू घट्ट केला. कपाळावरचा घाम स्क्रूवर पडला, तो त्यांनी रुमालाने टिपून काढला आणि पुन्हा एकदा सैल करायला घेतला.

चाक गवताला लागल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्यांनी हात थांबवला.

काडी पळत आली. टोपी हातात, केस सगळीकडे, गाल लाल. आठ मिनिटांचं बोलणं एकाच श्वासात बाहेर पडत होतं. नदी रिबिनीसारखी दिसते. आवाजच नसतो, फक्त वारा. आणि त्यांनी सांगितलं, आता तू धर, आणि तिने धरलं.

"बाबा, पाहिलंत ना?"

"पाहिलं तर. पूर्ण पाहिलं."

"मी वळवलं तेव्हासुद्धा?"

"हो."

"कुठल्या बाजूला वळवलं सांगा?"

बाबांनी हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. "डावीकडे," ते म्हणाले.

काडी बोलायची थांबली. तिने त्यांच्या नाकावरचा ग्रीसचा डाग पाहिला, उघडं झाकण पाहिलं, गुळगुळीत होऊन चमकणारा तो एक स्क्रू पाहिला.

"बरोबर," ती म्हणाली.