सोवळ्यातली मोटार

भुताची गाडी म्हनं! अख्खं भिंगार आजबी तेच म्हनतंय. लढाईत मेलेल्या सोजिरांची भुतं त्या गाडीत हुती, त्यांनी नृसिंह भाऊसाहेबांच्या बायकोचा गळा दाबला. दाबला म्हनं! त्या गाडीतलं एकूनएक फळकूट ह्या सहादेव सुतारानं बसवलंय. भूतबित काई न्हवतं. काय हुतं ते मला म्हाईत हाय, आन् भाऊसाहेबांना म्हाईत हाय.

लढाई सरल्यावर कँपात जुन्या मिलिट्री गाड्यांचा लिलाव झाला. भाऊसाहेब कँपाच्या हापिसात हेडक्लार्क, नुकतेच पेन्शनीत निघालेले. त्यांनी जखमी सोजिरांना न्यायची एक डबेवाली गाडी घेतली. दोन्ही अंगाला लाल क्रूस. लोक हसले. म्हातारा मोटार घिऊन करनार काय? मला बोलावलं आन् म्हनाले, "सहादेव, हिचं घर करायचं. पुढं झोपायला बाक, मागं स्वयंपाकघर. आमच्या हिला इंदूरला न्यायचंय."

'ही' म्हंजे दमयंतीवैनी. एकुलती लेक सुनीती, ती इंदूरला दिलेली. सासरचे धाडत न्हवते. नातू चार वर्साचा झाला, वैनींनी त्याचं तोंड पाहिलं न्हवतं. रेल्वे हाय की, म्हनाल. पन वैनींचं सोवळं लई कडक. स्वतः सोवळ्यात शिजवलेलंच खायचं, आन् परक्याची नजर पडली तरी ते अन्न टाकायचं. टेसनातल्या नळाचं पानी तर नावच नको. एकदा निघाल्या हुत्या, उपाशीपोटी. मनमाडलाच चक्कर येऊन पडल्या, तशाच माघारी आनल्या. म्हनून ही मोटार. बायकोचं सोवळं मोडायचं न्हाई आन् तिला लेक बी भेटवायची. खोटं कशाला बोलू, त्या मानसाचा बायकोवर जीव हुता.

चार म्हयने राबलो. सोजिरांना निजवायच्या लोखंडी चौकटी काढल्या. मधी फळ्यांची आडभिंत घातली. वैनींना शेनानं सारवायला मिळावं म्हनून मागल्या अंगाच्या पत्र्याच्या तळावर माती थापली. हंडा वळनावर कलंडू नये म्हनून खाचेची घडवंची केली. चूल पेटवली तर फळ्या पेटायच्या, तवा कोळशाची शेगडी ठरली, आन् शेगडीच्या वर मी हातभर खिडकी काढली. मागलं दार लष्करी हुतं तसंच ठेवलं. दांडा फिरवला की उघडायचं.

वैनी रोज लांबनं बघून जायच्या. "सहादेव, इंदूर किती दिवसांत येईल हो?" रोज तोच सवाल. नातवासाठी दर वर्साला एक झबलं शिवायच्या, आदल्यापेक्षा बोटभर मोठं. टपालानं धाडायच्या न्हाईत. "माझ्या हातानं घालीन," म्हनायच्या. मला लाडू द्यायच्या ते वरनं ओंजळीत टाकूनच, पन द्यायच्या मातर भरपूर.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी गाडी शुद्ध केली. गोमूत्र काय, गंगाजल काय! म्या घडवंचीचा एक खिळा बघायला पाय आत टाकला, तर वैनी ओरडल्या, "अरे अरे, आता नाही!" माझं पाऊल पडलं तिथं तांब्याभर पानी वतलं. चार म्हयने त्याच जागेवर माझा घाम गळला, तवा न्हाई बाटलं, आन् आता बाटलं! टाळकंच सनकलं माझं. 

तेवढ्यात भाऊसाहेब म्हनाले, "सहादेव, ती खिडकी बाहेरून ठोकून टाक. गाडी रस्त्यात उभी राहणार. गावोगावचे लोक डोकावतील, नैवेद्यावर दृष्टी पडेल."

"भाऊसाहेब, कोळसा हाय. वारा पायजे."

आतनं वैनी म्हनाल्या, "ठोका हो. चाळीस वर्षं चुलीपुढं गेली माझी, मला धुराची सवय आहे."

अवो, धूर बरा! धुरानं डोळं चुरचुरतात, मानूस खोकत भाईर येतं. निखाऱ्याला धूरच न्हाई, तो गुमान जीव घेतो. कँपाच्या वर्कशापात एक राखनदार थंडीत शेगडी घिऊन कोंडून निजला, तो सकाळी उठलाच न्हाई. हे सांगायचं माझ्या व्हटावर आलं हुतं. पन वतलेलं पानी डोळ्यापुढं. आपल्याला काय! त्यांची गाडी, त्यांची खिडकी. ठोकली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला की निघायचं ठरलं हुतं. डायवर रेशनच्या पेट्रोलची कुपनं आनायला गेल्ता. लिंबाखाली गाडी उभी. वैनी सोवळं नेसून आत गेल्या, दार लावून घेतलं. भाऊसाहेब वट्यावर बसलेले, मी खाली गाडीच्या अंगावरचा लाल क्रूस रंगानं बुजवत हुतो. आतनं भांड्याचा आवाज येत हुता. मंग येईना. थोड्या वेळानं करपल्याचा वास सुटला.

"भाऊसाहेब, भात लागला."

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी हाक मारली. मंग मला, "नैवेद्य करताना बोलत नाही ती," म्हनाले. पन उठले. गाडीपाशी आले, दांड्याला हात घालनार, तोच हात मागं घेतला. "सकाळपासून बाजारात हिंडलोय मी. असा कसा शिवू? थांब, दोन तांबे अंगावर घेतो, सोवळं नेसून येतो."

आन् गेले की हो आंघूळीला!

मी तिथंच. दांडा हाताशी हुता. नुसता फिरवायचा. मला कळत न्हवतं असं न्हाई. राखनदाराचं तोंड मला दिसत हुतं. पन वाटलं, त्या मुक्यानं बसल्या असल्या आन् म्या उघडलं, तर सगळंच बाटंल. पुन्हा शुद्धी, पुन्हा म्हुरत, पुन्हा इंदूर लांबनीवर. हे एक. दुसरं बी सांगतो, लपवत न्हाई. वाटलं, काल माझ्या पावलावर पानी वतलंत ना? मंग आज मी कशाला शिवू तुमच्या दाराला? रहाटाचा आवाज ऐकत उभा राह्यलो. एक बादली. दुसरी बादली.

भाऊसाहेब ओल्या पंचानं आले, दार उघडलं. वैनी आडभिंतीला टेकून बसलेल्या, तोंड लालबुंद, डोळा लागल्यावानी. भाऊसाहेबांनी हाक मारली, हलवलं, आन् बोंबलले, "सहादेव, आत ये! उचल तिला!"

तवा कुठं गेलं सोवळं? म्या उचलून लिंबाखाली आनली. जीव न्हवता. दार उघडायच्या आधीच गेल्या हुत्या का आंघूळ हुईपतुर धुगधुगी हुती, ते कोन सांगनार? ते कळू बी नये.

गावात भुताचं झालं, आन् भाऊसाहेबांनी ते होऊ दिलं. मीबी तोंड उघडलं न्हाई.

दहाव्याला सुनीती आली. मेल्यावर मातर सासरच्यांनी धाडली! कडेवर लेकरू. दुपारी सरळ अंगनात माझ्याकडं आली. "सहादेवकाका, भुताचं मला सांगू नका. बाबा बाहेरच होते ना? मग दार का नाही उघडलं कुणी? आतून कडी होती का?"

तिचं तोंड असं झालं हुतं, की 'न्हाई' म्हनायची माझी छाती झाली न्हाई. मी म्हनालो, "व्हय बाई. आतनं कडी हुती."

तिनं डोळं पुसले. "बरं झालं विचारलं. नाहीतर या जन्मात बाबांच्या घरचं पाणी प्याले नसते मी." आन् घरात गेली. बापाला पान वाढलं, समोर बसून दोन घास खायला लावले.

म्या घरनं एक जुनी कडी आन् चार इस्क्रू आनले. गाडीत शिरलो. तिथंच, जिथं पानी वतलं हुतं, पाय रोवून उभा राह्यलो आन् दाराला आतनं कडी बसवली. वरनं धूळ-राख चोळली, नवी दिसू नये म्हनून. मान वर केली तर भाऊसाहेब जेवनावरनं उठून घराच्या खिडकीत उभे. सगळं बघत हुते. मला वाटलं आता वरडतील. त्यांनी खिडकी लावून घेतली.