सरकीच्या तेलाचा दगड

"तुला खरं वाटायचं न्हाई माया, कुणालाच वाटत न्हाई, पण म्या तेलाचा दगड केलाय," निवृत्तीआजा म्हणाला आणि ठेच्याला भाकरी लावली.

महामायाचं डोकं आधीच उठलं होतं. उद्या लातूरच्या क्लासात रसायनाचा पेपर. त्यात घसरली की वरच्या तुकडीतून थेट खालच्या तुकडीत. आणि घोडं अडलेलं हायड्रोजनपाशी. इथीनला हायड्रोजन दिला की इथेन, हे पाठ. मागच्या पेपरात तिनं त्या इथेनलाही आणखी हायड्रोजन वाढला. सरांनी काट मारली. पण का? आपल्याकडं पाहुणा नको नको म्हणाला तरी वाढतातच की! मुखेडहून डबा घेऊन मेसमध्ये आलेल्या आजाला तिनं हे सांगितलं, तर आजाला कारखानाच आठवला.

"नांदेडात वनस्पती तुपाच्या कारखान्यात होतो मी. टाकीत सरकीचं तेल, निकेलची भुकटी, अन् खालून हायड्रोजनचा गॅस. तेलात काही कार्बन एकमेकाला दोन-दोन हातांनी धरून बसलेले. गॅस आला की दोघं एकेक हात सोडायचे, अन् मोकळ्या हातात एकेक हायड्रोजन धरायचे."

"अन् निकेल?"

"ते वाढपी. वाढतंय, खात न्हाई."

महामायानं मान डोलावली. कळलं का, ते तिचं तिलाच कळेना.

"तेलाचं तूप झालं. साहेब गेला जेवायला. म्या म्हणलं, बघू तरी किती पितंय. तुपाचं झालं मेण."

"होतंय असं?"

"हाव! मेणबी पिऊन राहिलं की लेकाचं. मेणाचा दगड, दगडाचं लोखंड! छन्नी लागंना. शेवटी हदगावच्या बाजारात खांब रोवला त्याचा, बैल बांधाया. आजबी हाय."

महामायाचा घास हातातच राहिला. एक पकड सुटली, हायड्रोजन आला. दुसरी सुटली, आला. मेणापर्यंत सगळ्या दुहेरी पकडी एकेरी झाल्या. मग दगडाला? कुठंतरी चुकलं. तिनं परत तेलापासून सुरुवात केली. परत गाडी मेणापाशीच थांबली. तिनं आजाकडं पाहिलं. आजा मन लावून कांदा फोडत होता.

"खोटं हाय, आजा!" ती एवढ्यानं ओरडली की मेसमधल्या पोरी वळून बघायला लागल्या. "मेण झालं तवाच सगळे हात भरले, माझ्या इथेनवानी! मोकळा हातच उरला न्हाई, तर पुढचा गॅस धरला कुणी?"